पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत

श्रीगोंद्याकडच्या आमच्या खळ्यावर ज्वारीची रास मापताना आजोबांच्या तोंडून 'एक' हा आकडा कधी निघाला नाही. पायली भरायची, काठावरून हात फिरवायचा आणि म्हणायचे, 'लाभ'. कधी म्हणायचे, 'बरकत'. मग दोन, तीन. रास पुजलेली असे, पायताणे खळ्याबाहेर. मापणाऱ्याशी मध्येच कुणी बोललेले त्यांना खपत नसे.

हिशेब तसा चोख. 4 शेरांची पायली, 12 पायल्यांचा मण, 20 मणांची खंडी. पण वर्षभराच्या कष्टातले घरात किती जाणार, हे त्या घटकेला ठरायचे. सुतार, लोहार, चांभार, न्हावी आपले बलुते न्यायला खळ्यावरच येत. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'त (1915) ही देवघेव बारकाईने आली आहे. सावकार निराळाच. एवढे वाटेकरी उभे असताना देवाच्या देण्याची मोजणी आकड्याने सुरू करायला कुणब्याचा जीव धजत नसावा, असे मला वाटते.

'बरकत' मुळात अरबी. देवाच्या कृपेने असलेले वाढणे, थोडे असूनही पुरून उरणे, हा तिचा अर्थ. 'मुबारक' त्याच धातूतला. निजामशाहीचा हा मुलूख. दफ्तरात फारसी मुरलेली. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कुणब्याच्या तोंडची बरकत टिकली. मला याचे नवल वाटत नाही. ज्या श्रीगोंद्यात संतकवी शेख महंमदांनी मराठीतून 'योगसंग्राम' लिहिला, तिथे आजोबांना राशीपुढे हा शब्द परका का वाटावा? लाभ आणि बरकत त्यांच्या लेखी एकच मागणे होते. आजी तर पिठाच्या डब्यात हात घालतानाही बरकत मागायची. फार मिळावे असे तिचे म्हणणे नसे. आहे ते पुढच्या सुगीपर्यंत पुरावे, एवढेच.

1956 च्या कायद्याने किलो-लिटर आले आणि पुढच्या काही वर्षांत शेर-पायली व्यवहारातून बाद झाली. नव्या मोजणीत सोय आहे, फसवणूकही कमी. जुनी बदलायलाच हवी होती. पण आता मळणीयंत्राच्या तोंडाशी पोते लावतात आणि भरले की शिवतात. पहिले माप असे राहिलेच नाही, त्यामुळे त्याला काय म्हणायचे हे माझ्या पुतण्यांना ठाऊक नव्हते. मी त्यांना सांगितले. यंदा पहिल्या पोत्याला धाकट्याने खडूने 'लाभ' लिहिले.