आज्ञा, विनंती आणि एक उकार

मराठींत क्रियापदाच्या रूपावरून बोलणाऱ्याचा भाव ओळखतां येतो. ‘तो येतो’ हा स्वार्थ, ‘ये’ हा आज्ञार्थ, ‘त्यानें यावें’ हा विध्यर्थ, ‘तो आला असता तर’ हा संकेतार्थ. हे अर्थ लोकांच्या तोंडीं घडत आले. कोणीं एकानें बसून ते ठरविले नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील दोन गृहस्थांना मात्र ते ठरवावे लागले.

पहिले योहान मार्टिन श्लायर, हे जर्मनींतील कॅथलिक धर्मगुरु. त्यांच्या ‘व्होलाप्यूक’ या जागतिक भाषेचें व्याकरण १८८० मध्यें ग्रंथरूपानें निघालें. तींत साध्या आज्ञेला एक प्रत्यय, अदबीच्या विनंतीला दुसरा आणि सक्त हुकुमाला तिसरा! भाषा झपाट्यानें पसरली. पण ती सुटसुटीत करावी, असें ऑग्यूस्त केर्कहॉफ्सप्रभृति अनुयायी म्हणूं लागतांच, अखेरचा शब्द आपलाच, असा श्लायर यांनीं आग्रह धरला. १८८९ च्या पॅरिस परिषदेनंतर पडलेली फूट पुन्हां सांधली नाहीं.

दुसरे नेत्रवैद्य डॉ. लुडविक झामेनहोफ. यांचा जन्म १८५९ मध्यें, तेव्हां रशियन साम्राज्यांत असलेल्या बियालिस्तोक गांवीं झाला. तेथें यिद्दिश, पोलिश, रशियन व जर्मन बोलणारे शेजारीं राहत आणि एकमेकांकडे संशयानें पाहत. १८८७ मध्यें वॉर्सा येथें ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा, या टोपणनांवानें त्यांनीं आपली भाषा प्रसिद्ध केली. ‘वेनास’ म्हणजे येतो, ‘वेनीस’ आला, ‘वेनोस’ येईल. ‘वेनूस’ हा संकेतार्थ. आज्ञा, विनंती, इच्छा या सर्वांना मिळून एकच उकार. ‘वेनू’ म्हणजे ये. ‘ली वेनू’ म्हणजे त्यानें यावें. ‘नी वेनू’ म्हणजे आपण येऊं या. संस्कृतांतील ‘भवतु’, ‘गच्छतु’ ज्यांना आठवतील त्यांना हा उकार ओळखीचा वाटेल. नातें मात्र जोडूं नये.

यांत कांहीं गमावलेंही. ‘ये’ आणि ‘यावें’ यांतली अदब रूपांत उरली नाहीं. तिच्यासाठीं ‘बोन्वोलू’ हा वेगळा शब्द योजावा लागतो, आणि गंमत अशी कीं, तोही उकारान्तच!

१९०५ मध्यें फ्रान्समधील बुलोन येथील परिषदेंत झामेनहोफ यांनीं भाषेवरील आपला सर्व हक्क सोडल्याचें जाहीर झालें. मूळ व्याकरण मात्र कोणींही, खुद्द कर्त्यानेंही, बदलूं नये असें ठरलें. दोनच वर्षांनीं ‘इदो’ या सुधारलेल्या भाषेचा पुरस्कार करणाऱ्यांनीं उकाराच्या जागीं ‘एझ’ प्रत्यय आणला. बहुतेक एस्पेरांतोभाषी त्यांच्यामागें गेले नाहींत. तो उकार आजही तसाच आहे.