पोपची सत्ता आणि देशी पुरोहित : कास्त्रो ते आल्वारिस

होसकोटे, बेंगळूर, कोलार हा मुलूख १६३८ नंतर आदिलशाहीत आला व शहाजीराजांच्या जहागिरीत गेला, हे मराठी अभ्यासकांस परिचित आहे. त्याच आदिलशाही राज्यासाठी रोमने १६३७ मध्ये मातेउस द कास्त्रो यास बिशपपद देऊन आपला प्रतिनिधी नेमले होते, ही घटना मात्र उपेक्षित राहिली. कास्त्रो हा गोव्यातील दिवाडी बेटावरच्या धर्मांतरित ब्राह्मण घराण्यातला. गोव्यात पुरोहितदीक्षा नाकारली गेल्याने तो रोमला गेला आणि तेथे दीक्षित झाला.

या नेमणुकीमागे दोन अधिकारांचा संघर्ष होता. पूर्वेकडील चर्चचे आश्रयदातृत्व, म्हणजे पाद्रोआदो, पूर्वीच्या पोपांनीच पोर्तुगालच्या राजाला बहाल केले होते. १६२२ मध्ये रोमने ‘प्रोपागांडा फिदे’ हे मंडळ स्थापून धर्मप्रसाराची सूत्रे आपल्याकडे घेण्यास आरंभ केला. कास्त्रोची पोपदत्त अधिकारपत्रे गोव्यातील धर्मसत्तेने राजाच्या हक्काचे कारण पुढे करून अमान्य केली. पोपच्या आज्ञेला मर्यादा घालणारे येथे जन्माने कॅथलिक पोर्तुगीज होते; त्या आज्ञेचा आधार घेणारा धर्मांतरितांचा वंशज होता. डिचोलीस राहून त्याने १६५३ मध्ये गोव्यातील ब्राह्मणांना उद्देशून ‘ब्राह्मणांचा आरसा’ हे पोर्तुगीज लेखन केले. त्यात पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांवर कठोर टीका आहे. परंतु स्वजातीचा अभिमानही तितकाच प्रखर आहे. १६५४ च्या आदिलशाही स्वारीस चिथावणी दिल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि अखेर त्याला रोमला परतावे लागले.

सुमारे अडीच शतकांनी बाजू उलटल्या. १८८६ मध्ये तेरावा लिओ व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारानुसार पाद्रोआदोची अनेक चर्चे प्रोपागांडाकडे गेली. वेर्णे येथे जन्मलेले पाद्री आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांनी पाद्रोआदोची बाजू घेतली. पुढे रोमशी संबंध तोडून १८८९ मध्ये कोट्टायम येथे ते सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेचे ‘मार ज्युलियस’ झाले. उडुपीजवळच्या ब्रह्मावर येथील कोंकणी ख्रिस्ती समाजाचा एक गट त्यांच्यासोबत गेला व आजही त्या परंपरेत आहे. आल्वारिस १९२३ मध्ये गोव्यात निवर्तले.

एकाने पोपचा आधार घेतला, दुसऱ्याने तो झुगारला. तरीही दोघांच्या भूमिकांना केवळ निष्ठा आणि बंडखोरी असे म्हणणे पुरेसे ठरत नाही. देशी पुरोहिताला बिशपाच्या आसनापर्यंत नेणारी वाट कोणती, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी समान होता. कास्त्रोला ती रोममध्ये दिसली, आल्वारिस यांना रोमच्या बाहेर. सतराव्या शतकातील ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा विचार आपण बहुधा ‘ख्रिस्तपुराणा’सारख्या, मिशनऱ्यांनी नवख्रिस्त्यांसाठी रचलेल्या ग्रंथांवरून करतो. ‘ब्राह्मणांचा आरसा’ मराठीत नाही. परंतु उपदेश ऐकणाऱ्या त्याच समाजाचे प्रत्युत्तर त्यात आहे. तो ‘ख्रिस्तपुराणा’शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्या काळाच्या संवादाची दुसरी बाजू हाती लागत नाही.