एकोणीस मृत्यू, पण किती जणांपैकी?

"डॉक्टर, आमच्या ओळखीत एक जण लस घेतल्यावर आजारी पडला. मग मी कशाला घेऊ?" हिंगणघाटच्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायला प्लेगच्या काळातल्या मुंबईत जाऊ या.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ओडेसात जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्मे कैदी लस घ्यायला तयार झाले.

लस न घेतलेले सुमारे १७० कैदी होते. त्यांतल्या १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. लस घेतलेल्या सुमारे १५० जणांपैकी २ जणांना प्लेग झाला, मृत्यू एकही नाही. म्हणजे शंभरात सुमारे ७ विरुद्ध शंभरात १ ते २. दोन्ही गट एकाच तुरुंगात, त्याच अन्नपाण्यावर होते, म्हणून या तुलनेला वजन आहे. तुमच्या कानावर फक्त ते दोघे आले असते, तर "लस घेऊनही प्लेग होतो" एवढेच तुम्ही म्हणाला असता. ते खरेच होते, पण निर्णयासाठी अपुरे होते.

पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. ती बाटली गावात उघडतानाच दूषित झाली असावी, हे पुढे आले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. पण तोवर भीती पसरली होती. त्याच १९०७ साली देशात प्लेगने १० लाखांहून अधिक माणसे नेली. मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

ते १९ मृत्यू क्षुल्लक नव्हते. त्यांची चौकशी व्हायलाच हवी होती. मात्र तोवर लाखो लोकांनी ही लस घेतली होती, हा छेद लोकांच्या नजरेआड राहिला. शाळेतल्या अपूर्णांकासारखेच हे आहे. छेद ठाऊक नसेल, तर नुसत्या अंशावरून काहीच कळत नाही.

म्हणून औषध, लस किंवा शस्त्रक्रियेबद्दल धोक्याचा आकडा ऐकलात, की दोन गोष्टी विचारा: हे किती जणांपैकी? आणि उपचार न घेणाऱ्यांत हेच प्रमाण किती? "धोका निम्मा होतो" असे कोणी सांगितले, तरी हेच विचारा. शंभरातले २० जण १० वर येणे आणि दहा हजारांतले २ जण १ वर येणे, दोन्ही निम्मेच. तुमचा निर्णय मात्र वेगळा असू शकतो. हे प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.