जेऊरची दोन मिनिटे

सोलापूरहून पुण्याला जाताना जेऊर स्थानक आले की मी खिडकीबाहेर पाहतो. २२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी करमाळा तालुक्यातील या माळावर खग्रास सूर्यग्रहण दिसले होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी इथे छावणी टाकली होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही चाळीस फुटी कॅमेरा घेऊन इथेच आले होते. सावलीच्या त्याच पट्ट्यात, विजयदुर्गाला, नॉर्मन लॉकयर होते. १८८४च्या विलायतवारीत नेगमवालांना वर्णपटाच्या अभ्यासाची वाट दाखवणारे ते हेच. पुढे भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभी राहिली. आता गुरू समुद्रकाठी आणि शिष्य माळावर, दोघांनाही सूर्याची तीच प्रभा टिपायची होती. मिळणार होती जेमतेम दोन मिनिटे.

१९१२मध्ये नेगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद पडली. तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. लॉकयर यांना पुण्यात शिष्य मिळाला, पण नेगमवालांच्या मागे पुण्यात ती दुर्बीण कोणी चालवली नाही. स्नेहातून विद्या येते. ती टिकायला मात्र पुढचा शिष्य लागतो, हे मला जेऊरने शिकवले.