कऱ्हाडकरांनी बांधलेलं टेकाड

पिरॅमिड आणि जगभरची टेकाडं यांवर बोलायला लागल्यापासून एक प्रश्न सतत येतोय, आणि तो बहुतेक वेळा सातारा-सांगलीकडच्या श्रोत्यांकडून येतोय. आपल्याकडं असं काही आहे का हो? आज त्याचंच उत्तर. ते सरळ नाही, थोडं लांबून फिरून यावं लागेल.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. आपल्या भागातल्या एखाद्या टोकदार डोंगराचा फोटो फिरत असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'हा पिरॅमिड तर नव्हे?' नव्हे. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. एकावर एक थर, कठीण थराखाली मऊ थर. पावसानं मऊ थर झिजतो, कठीण तसाच राहतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. दख्खनच्या या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दही मुळात स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं हे काम निसर्गाचं आहे, त्याचं श्रेय राजाला द्यायची गरज नाही.

माणसानं रचलेल्या टेकाडाची गोष्ट वेगळी. खुफूचा पिरॅमिड मूळचा १४६ मीटर उंच, दगडाचा, एका राजासाठी. इंग्लंडमधली सिल्बरी टेकडी साधारण ४० मीटर, चुनखडी आणि मातीची, आणि तिच्या पोटात कुणाची कबर सापडलेली नाही. अमेरिकेत सेंट लुईसजवळ काहोकियाला टोपल्या-टोपल्यांनी माती वाहून ३० मीटरचा ढिगारा उभा केलेला आहे. आणि आपल्याकडचा स्तूप? तोही शेवटी टेकाडच. पोटात अस्थी किंवा अवशेष, वरून माती-विटांचा घुमट. श्रीलंकेत अनुराधपूरचा जेतवनाराम स्तूप सुमारे १२० मीटर उंच होता, म्हणजे गिझाच्या दोन मोठ्या पिरॅमिडांच्या खालोखाल.

आता मध्य प्रदेशात चला, सतना जिल्ह्यात, भरहुतला. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तिथं पोचला तेव्हा स्तूप जवळजवळ संपलेला होता. मूळ घेर मोठा, तळाचा व्यास सुमारे ६८ फूट. पण विटा आसपासच्या लोकांनी घरं बांधायला नेलेल्या. घुमटाचा जेमतेम एक तुकडा उभा, आणि भोवतीच्या दगडी कठड्याचा काही भाग ढिगाऱ्याखाली गाडलेला, म्हणून वाचलेला. हा कठडा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. त्याच्या खांबांवर, आडव्या पट्ट्यांवर ब्राह्मी लिपीत छोटे छोटे लेख आहेत. हा खांब अमक्याचं दान, ही पट्टी तमकीचं दान.

पहिला खांब विदिशेच्या चापदेवेचा, रेवतीमित्राच्या बायकोचा. एक नाशिकच्या गोरक्षितेचा, तीही कुणा वसुकाची बायको. पाटलीपुत्रचे लोक आहेत. आणि त्यांच्यात एक लेख असा: 'करहकट निगमस दान'. करहकट म्हणजे आपलं कऱ्हाड. निगम म्हणजे व्यापारी पेठेचं गाव. अख्ख्या गावानं मिळून दिलेलं दान! शिवाय कऱ्हाडच्या माणसांचे वेगळे लेखही आहेत. उत्तरगिद्धिक नावाच्या एकाचा खांब, आणि भूतक नावाच्या एका 'आर्यां'चा, म्हणजे बहुधा भिक्षूंचा, दुसरा.

इथं जरा थांबू या. कऱ्हाड ते भरहुत, सरळ रेघ ओढली तरी हजार किलोमीटरच्या वर. मधे भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा, सातपुडा, विंध्य. एवढ्या लांबच्या टेकाडाला कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं एक गाव वर्गणी काढून पैसे देतं, आणि आपलं नाव दगडावर कोरून घेतं. पिरॅमिडाच्या भिंतीवर फारोचं नाव शोधायचं. इथं एका बाजारपेठेचं नाव आहे, आणि नाशिकच्या कुणा बाईचं. मला तरी हा फरक उंचीपेक्षा मोठा वाटतो.

पैसा कुठून आला असेल? कऱ्हाडहून कुंभार्ली घाटानं खाली उतरलं की चिपळूण, म्हणजे कोकणातली बंदरं. उलट दिशेला कृष्णेच्या काठाकाठानं सांगलीकडं आणि पुढं देशावर. गाव नाक्यावर बसलेलं होतं. रायगड जिल्ह्यात कुड्याची लेणी आहेत, मांदाड खाडीजवळ. तिथल्या एका लेण्याचा दाता आहे महिक, 'करहाकड'चा 'लोहवाणिय'. लोखंडाचा वाणी! दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शब्द आपल्याला भाषांतर न करता कळतो, बघा.

आणि हे लोक घरी काय करत होते? कऱ्हाडच्या दक्षिणेला जखिणवाडीजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून जास्त लेणी आहेत. खडक वाईट, नक्षीकाम फार नाही, त्यामुळे कार्ले-भाजे बघितलेल्या माणसाची सुरुवातीला निराशा होते. पण चैत्यात जाऊन उभं राहा. आत खडकातूनच कोरलेला स्तूप आहे. बाहेर माती रचून जे टेकाड होतं, तेच इथं डोंगर आतून कोरून काढलंय. एका लेखात दात्याचं नावही आहे: गोपालाचा मुलगा संघमित्र.

बरं, मग या टेकाडांचं झालं काय? भरहुतचं सांगितलंच. जे उरलं ते कनिंगहॅमनं कोलकात्याला इंडियन म्युझियममध्ये हलवलं. कृष्णेच्या दुसऱ्या टोकाला अमरावतीचा स्तूप होता. म्हणजे महाबळेश्वरला उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली करत जाणारी हीच नदी. तिथला जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू यानं बांधकामासाठी तो उकरायला घेतला. १७९७ ला कॉलिन मॅकेंझीनं ते पाहिलं. १८१६ ला तो परत आला तेव्हा टेकाडाच्या मधोमध तळं खणलेलं होतं. तिथले दगड आज चेन्नईत आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अमेरिकेतही वेगळं नाही. सेंट लुईसला टेकाडांचं शहर म्हणायचे. तिथलं सगळ्यात मोठं टेकाड १८६९ पर्यंत भरावासाठी खणून सपाट केलं.

आपल्याकडं हे आजही चालू आहे, फक्त त्याला कुणी टेकाड म्हणत नाही. आपण पांढरी म्हणतो. शेतजमीन काळी, गावाची वस्ती पांढरी. मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावरच नवं घर उठतं. चुलीची राख, शेण, हाडं, फुटकी मडकी सगळं तिथंच जिरतं. पन्नास पिढ्यांनी गाव आपोआप दोन-चार पुरुष उंच होतं. कोल्हापूरची ब्रह्मपुरी अशीच, पंचगंगेच्या काठावर. तिथं ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती होती. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे.

पण पांढरीची माती शेताला चांगली. राखेनं, हाडांनी ती कसदार झालेली असते. पूर्वी धाब्याच्या छपरावर घालायला पाटीभर नेत, आता जेसीबी आणि ट्रॉल्या लागतात. उसाच्या रानात पांगली की त्यात कुठला थर वर आणि कुठला खाली, हे कुणालाच सांगता येत नाही. मणी मिळतो, नाणं मिळतं, पण ते कुठल्या चुलीशेजारी होतं हे गेलेलं असतं. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला ती माती म्हणूनच कुणी सांगितलेली आहे. धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या, आज त्याचं सरकारी संग्रहालय झालंय. हे काम एका गावकऱ्यानं केलं.

काही सापडलंच, तर घाबरून लपवू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाची जुनी वस्तू जमिनीत मिळाली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायची असते, आणि शोधणाऱ्याच्या वाट्याचाही त्यात विचार केलेला आहे. वस्तू हलवण्याआधी जागेचा फोटो काढा, मातीचे थर दिसतील असा.

आणि कोलकात्याला कधी जाणं झालं, तर इंडियन म्युझियममध्ये भरहुतचं दालन तळमजल्यावर आहे. तांबूस दगड. यक्षी आणि हत्ती बघून झाले की खांबांवरची बारीक अक्षरं बघा. ब्राह्मीतला 'क' अगदी अधिकच्या चिन्हासारखा असतो. 'करहकट' या शब्दात तो दोनदा येतो.