आकृतिभरण (संगणकीय आरेखन)

बंदिस्त बाह्यरेषेच्या आतले क्षेत्र एकाच घटकाकृतीच्या पुनरावृत्तीने व्यापण्याची क्रिया. छपाई व जाहिरातीच्या व्यवसायात तिला ‘पॅटर्न फिल’, तर यांत्रिकी आणि वास्तूच्या आरेखनात ‘हॅच’ म्हणतात. घटकाकृती, तिच्या दोन दिशांतील पावलांचे अंतर आणि बाह्यरेषा या तीन गोष्टी ठरल्या की भरण ठरते. पहिल्या दोन गोष्टींचे गणित पक्के आहे. व्यवहारातल्या बहुतेक अडचणी तिसरीत, म्हणजे काठाशी उद्भवतात.

भूमिती : सपाट पृष्ठावर दोन दिशांनी पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार १७ प्रकार पडतात. हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले आणि १९२४ मध्ये पोल्या यांनी स्वतंत्रपणे मांडले. स्पेनमधील अल्हाम्ब्रा राजवाड्यात हे सर्व प्रकार आढळतात की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इंकस्केप या मुक्त आज्ञावलीत ‘टाइल्ड क्लोन्स’च्या चौकटीत हे सतराही प्रकार निवडता येतात.

इतिहास : संगणकावर पुनरावृत्त आकृतीने पृष्ठ भरण्याचे एक तपशीलवार जुने वर्णन आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’वरील १९६३ च्या एमआयटी प्रबंधात मिळते. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने आधी एक वेडावाकडा षट्कोन काढायचा. त्याचे सहाही कोपरे एका वर्तुळावर बसवायचे, बाजू समान असाव्यात अशी अट घालायची आणि मग वर्तुळ पुसून टाकायचे. उरलेल्या सुबक षट्कोनाभोवती त्याच्याच सहा प्रती चिकटवल्या की सातांचा गट होतो. त्या गटाच्या प्रती पुन्हा जोडत गेले की जाळे पसरत जाते. अशा ९०० षट्कोनांना, कृती शोधून काढण्याच्या वेळेसह, अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला. ते कागदावर उमटायला सुमारे २५ मिनिटे लागली. हेच काम हाताने करायला आरेखकांना दोन दिवस लागतील, असा अंदाजही तेथे दिला आहे.

वेगापेक्षा महत्त्वाची बाब पुढे आहे. प्रत्येक षट्कोन हा मूळ आकृतीचा केवळ दाखला होता, स्वतंत्र चित्र नव्हते. म्हणून सदरलंड यांनी मूळ षट्कोनाच्या जागी अर्धवर्तुळ ठेवताच सगळे जाळे एका क्षणात माशाच्या खवल्यांचे झाले. आजच्या प्रत्येक पॅटर्न फिलचे बीज या एका बदलात आहे आणि आरेखनाच्या इतिहासात त्याला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

१९८४ च्या मॅकिंटॉशवरील मॅकपेंटमध्ये ८ × ८ ठिपक्यांचे तयार नमुने होते. एका नमुन्याला अवघे ६४ बिट पुरत. छपाईच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत नमुन्यांची अंगभूत सोय दुसऱ्या आवृत्तीत आली, तर वेबसाठीच्या एसव्हीजी मानकात ती २००१ पासून आहे. इलस्ट्रेटरमध्ये नमुना जागेवरच संपादित करण्याची सोय २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आली.

हॅच : अभियांत्रिकी रेखाटनात कापलेला भाग तिरप्या समांतर रेषांनी दाखवण्याचा संकेत संगणकाहून जुना आहे. ऑटोकॅडमध्ये (१९८२) हे नमुने साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात आणि कोणीही ती उघडून वाचू शकतो. सर्वपरिचित ‘एएनएसआय३१’ नमुन्याची सारी व्याख्या पाच आकड्यांत मावते : ४५, ०, ०, ०, ०.१२५. पहिला आकडा रेषेचा कोन, पुढचे दोन आरंभबिंदू, चौथा सरक आणि पाचवा दोन रेषांतले अंतर, म्हणजे इंचाचा आठवा भाग. मेट्रिक फाइलीत त्याच जागी ३.१७५ मिलिमीटर येतात. यात टाइल, म्हणजे पुनरावृत्त होणारी घटकाकृती, कुठेच नाही, फक्त रेषांची कुळे आहेत. विटांची भिंत दाखवायची तर आडव्या अखंड रेषांचे एक कूळ आणि उभ्या तुटक रेषांचे दुसरे लिहावे लागते. अशा नमुन्यात खरे वर्तुळ बसत नाही. लहान लहान रेषा जोडून त्याचा आभास करावा लागतो. नवशिका विद्यार्थी तयार नमुने निवडण्यापूर्वी ही फाइल एकदा वाचेल, तर पुढचा बराच गोंधळ टळेल.

आत काय, बाहेर काय : बाह्यरेषा स्वतःलाच छेदत असेल तर कोणता भाग ‘आत’ धरायचा, याचे दोन नियम प्रचलित आहेत. सम-विषम नियमात बिंदूपासून बाहेर जाणारी किरणरेषा बाह्यरेषेला विषम वेळा छेदत असेल, तर तो बिंदू आत. दुसऱ्या नियमात बाह्यरेषेने बिंदूभोवती घेतलेल्या वेढ्यांची दिशेसह बेरीज करतात. ती शून्य नसेल तर बिंदू आत. देवनागरीत काम करणाऱ्याला हा फरक रोज भेटतो. शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. लग्नपत्रिकेवरचे नाव कोरलड्रॉ या आज्ञावलीत कर्व्ह करून ‘कंबाइन’ केले आणि त्यात फुलांची नक्षी भरली की सम-विषम नियमामुळे नेमक्या त्या चढावाच्या जागी पांढऱ्या फटी दिसतात. कंबाइनऐवजी ‘वेल्ड’ केल्यास अक्षरे एकजीव होतात आणि फटी जातात.

काठ : नक्षी काठाशी तीन प्रकारे हाताळता येते. ती कापायची, अपुरे घटक वगळून फक्त पूर्ण घटक ठेवायचे, किंवा घटक लहानमोठे करून व फिरवून आत रचायचे. पडद्यावर बहुधा पहिला मार्ग वापरतात, पण तिथेही आज्ञावली घटक कापत नाही, बाहेरचा भाग झाकते. कोरलमधील ‘पॉवरक्लिप’ हेच करते. कागदावरच्या छपाईला तेवढे पुरते. रेडियम कापणारा प्लॉटर किंवा लेझर यंत्र मात्र रेषेमागे जाते. झाकलेली रेषा फाइलीत शिल्लक असेल, तर पातेही तिथे जाऊ शकते. म्हणून कटिंगला देण्यापूर्वी ‘इंटरसेक्ट’ करून घटक खरोखर कापावे लागतात.

देवघराच्या दाराची सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्राने कापलेली जाळी हे याचे बोलके उदाहरण आहे. जाळीत भोके पडतात आणि भोकांमधल्या पट्ट्याच लाकडाला धरून ठेवतात. नक्षी नुसती काठाला छाटली तर काही पट्ट्यांचा एक टोकाचा आधार जातो, क्वचित एखादा तुकडा चारी बाजूंनी सुटून गळून पडतो. त्यामुळे जाणकार कारागीर आधी चौकटीची भरीव पट्टी राखतो, नक्षीची पावले दाराच्या रुंदीला पूर्णांकात बसतील अशी ताणतो आणि मगच भरण करतो. दार ७५० मिलिमीटर रुंद, दोन्हीकडे ५० ची पट्टी आणि घटक ६० चा असेल, तर उरलेल्या ६५० मध्ये दहा घटक बसून ५० उरतात. घटक ६५ चा केला की दहा बरोबर बसतात.

पडद्यावरील फटी : टाइलींच्या सांध्यावर दिसणाऱ्या बारीक पांढऱ्या रेषा बहुधा कडा मऊ दाखवण्याच्या प्रक्रियेमुळे येतात, छपाईत त्या सहसा उमटत नाहीत.

भरतकाम : भरतकाम यंत्रांच्या आज्ञावलींत आकृतिभरणाला ‘मोटिफ फिल’ म्हणतात.

अनावर्ती भरण : २०२३ मध्ये डेव्हिड स्मिथ व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १३ बाजूंचा ‘हॅट’ आकार प्रसिद्ध केला. एकट्या या आकाराने (आरशातील प्रतिमा धरून) सारे पृष्ठ व्यापता येते, पण रचनेची पुनरावृत्ती कधीच होत नाही. पाऊलच नसल्याने नेहमीच्या पॅटर्न फिलमध्ये तो बसत नाही; प्रत्येक तुकड्याची जागा स्वतंत्रपणे काढावी लागते.