योगा मॅट उन्हात का टाकू नये? आसनाचा छोटासा इतिहास

आमच्या बेंगळुरूत जुलैमध्ये कित्येक दिवस नीट ऊन पडत नाही. मग एखाद्या सकाळी सूर्य दिसला की सोसायटीतल्या बाल्कन्यांच्या कठड्यांवर गाद्या, उशा आणि त्यांच्या शेजारी योगा मॅट लटकलेल्या दिसतात. अंथरूण उन्हात टाकायचं ही आपली पिढ्यानपिढ्यांची सवय. गादीला ती मानवते, रबरी मॅटला नाही. असं का, ते आसनाच्या इतिहासात सापडतं.

आसन म्हणजे मुळात बसायची जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात तिचे थर सांगितले आहेत: दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र. गवत जुनं झालं की बदलता येतं, कातडं झटकता येतं, वस्त्र धुता येतं. आपल्या घरांतही सोवळ्याला धाबळी चालायची, कारण लोकर सहज विटाळत नाही अशी समजूत होती. पंधराव्या शतकातली हठयोगप्रदीपिका तर साधनेची खोली कशी असावी ते बारकाईने सांगते. दार लहान हवं, जमीन शेणाने नीट सारवलेली हवी, किडामुंगी नको. म्हणजे स्वच्छ ठेवायची ती जमीन. अंथरायच्या वस्तूची वेगळी काळजी घ्यायची गरजच नव्हती, कारण माणूस तिच्यावर बहुतेक वेळ बसून असे.

विसाव्या शतकात हे चित्र पालटलं. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत कृष्णम्माचार्य शिकवू लागले आणि उभ्याने करायच्या आसनांना मोठं स्थान मिळालं. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार मूळचे आपल्या इकडचेच. 1918 साली कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरला जन्म, बालपण बेंगळुरूत, मग म्हैसूर आणि 1937 पासून पुणे. पाय फाकवून उभं राहायचं, तळव्यांनी जमीन धरायची, ही त्यांच्या पद्धतीची ओळख. आणि तरी 1966 सालच्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात अंथरायला काय सांगितलंय? घडी घातलेलं ब्लँकेट! गुळगुळीत फरशीवर ब्लँकेटवर त्रिकोणासन करून पाहा, पाय कसे सरकतात ते कळेल.

यावर उपाय सापडला तो युरोपात. अँजेला फार्मर ही अय्यंगारांकडे शिकलेली इंग्लिश शिक्षिका. लहानपणीच्या एका शस्त्रक्रियेमुळे तिच्या हातापायांना घाम येत नसे, त्यामुळे पकड मिळत नसे. जर्मनीत शिकवताना तिला गालिच्याखाली घालायचा फोमसारखा थर सापडला. गालिचा सरकू नये म्हणून बनवलेला तो थर माणसालाही सरकू देत नव्हता. विद्यार्थ्यांनीही तो मागितला, तिच्या वडिलांनी कारखानदाराशी बोलून विक्री सुरू केली, आणि चिकट मॅटचा धंदा उभा राहिला. घाम न येणाऱ्या बाईची ही सोय आज आपण घामाने भिजवतो, ही गंमतच आहे.

तर आपल्या हातात असलेली वस्तू दर्भाच्या घराण्यातली नाही, गालिच्याच्या अस्तराच्या घराण्यातली आहे. तिचे नियम वेगळे. नैसर्गिक रबर कडक उन्हात कोरडं पडतं, त्याला भेगा जातात, भुगा सुटतो. तेलानेही ते खराब होतं, म्हणून सुगंधी तेलं घातलेले फवारे रबरी मॅटवर नकोत. पीव्हीसीची मॅट जास्त सोशिक, पण ब्लीच आणि गरम पाणी तिलाही नको. वॉशिंग मशीन कुठल्याच फोमला नको.

करायचं एवढंच: वाटीभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ फडकं पिळून दोन्ही बाजू पुसायच्या, मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढायचा. साबण राहिला की मॅट निसरडी होते. इथे बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग पडतात, म्हणून हे शेवटचं पुसणं मी फिल्टरच्या पाण्याने करतो. वाळवायची सावलीत, पंख्याखाली, दोरीवर आडवी टाकून. ओली गुंडाळली तर वास धरणारच. ज्या मॅटला बारीक उघडी छिद्रं असतात ती घाम आत शोषते. अशी मॅट पावसाळ्यात पूर्ण वाळायला एक दिवसही पुरत नाही.

सोसायटीच्या हॉलमधल्या सामायिक मॅटबद्दल मी जरा कर्मठ आहे. प्रत्येकाचं आसन वेगळं हा जुना नियम सोवळ्यातून आला असेल, पण नायटा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जायला दमट मॅट पुरते. तिथली मॅट वापरावीच लागली तर वर आपली सुती सतरंजी अंथरा. म्हैसूरला पट्टाभी जोइसांच्या परंपरेत आजही मॅटवर सुती अंथरूण टाकतात. घाम ते टिपतं, घरी आल्यावर ते बादलीत भिजवता येतं, आणि त्याला मात्र खुशाल उन्हात टाका.